पैशाचे शिक्षण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हिशेबापासून सुरू व्हावे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी मुले-मुली साधारणपणे त्याच सुमारास अठरा वर्षांची होतात. अठरावे वर्ष पूर्ण झाले की त्यांना कायद्याने करार करता येतो; म्हणजेच स्वतःच्या सहीने कर्ज घेता येते, शेअर ठेवण्याचे डिमॅट खाते उघडता येते, दुसऱ्याच्या कर्जाला जामीनही राहता येते. एवढे अधिकार एका दिवसात हाती येतात, पण ते कसे वापरायचे हे सांगणारा एकही तास बहुतेकांच्या वेळापत्रकात नसतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कंपनीचा ताळेबंद मांडायला शिकतो, अभियांत्रिकीचा विद्यार्थी चक्रवाढ व्याजाचे सूत्र न अडखळता लिहितो. मात्र मोबाइलवरच्या ॲपने देऊ केलेल्या पाच हजारांच्या कर्जाचा खरा वार्षिक दर किती पडतो, हे दोघांनाही चटकन सांगता येत नाही, कारण हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलेलाच नसतो.

पुण्यातील मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षक म्हणून मी काम करते. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील गावांतून आलेल्या मुलींच्या पैशाच्या अडचणी रोज माझ्या टेबलापर्यंत येतात, आणि अनेकदा त्या फार उशिरा येतात. या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे, की राज्यातील सर्व विद्यापीठांनी पदवीच्या पहिल्याच सत्रात, सर्व विद्याशाखांसाठी, वैयक्तिक अर्थव्यवहाराचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम सक्तीचा करावा. आणि तो कोणतेही वित्तीय उत्पादन विकणाऱ्या व्यक्तीच्या हाती देऊ नये. या मागणीचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रथम त्याविषयी लिहिते.

सध्या महाविद्यालयांत ‘आर्थिक साक्षरता’ या नावाखाली जे घडते, ते बहुधा एका दुपारचे व्याख्यान असते. एखाद्या दलाली पेढीचा, विमा वितरकाचा किंवा खासगी शेअर बाजार प्रशिक्षण वर्गाचा प्रतिनिधी येतो, लवकर गुंतवणूक सुरू केल्यास साठाव्या वर्षी किती कोटी होतील याचा आलेख पडद्यावर दाखवतो, आणि सभागृहाबाहेर पडताना मुलांना क्यूआर कोड स्कॅन करून खाते उघडायला सांगितले जाते. महाविद्यालयाच्या अहवालात एका उपक्रमाची नोंद होते. सर्वच व्याख्याते वाईट हेतूने येतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु ज्याचे उत्पन्न समोरच्याने खाते उघडण्यावर अवलंबून आहे, तो ‘तू अजून खाते उघडू नकोस, आधी मेसची थकबाकी फेड’ असा सल्ला देण्याची शक्यता कमीच. आणि नेमका तोच सल्ला त्या सभागृहातील निम्म्या मुलांना हवा असतो.

या घाईचा परिणाम काय होतो, हे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या आकडेवारीत दिसते. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढील भावांवर बेतलेल्या जोखमीच्या सौद्यांमध्ये, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांविषयीचा अभ्यास सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. पुढच्या म्हणजे २०२४-२५ या वर्षीही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. माझ्या विषयाच्या दृष्टीने यातील सर्वांत काळजीचा आकडा वेगळाच आहे : अशा व्यवहार करणाऱ्यांमध्ये तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते एका वर्षात ४३ टक्क्यांवर पोहोचले. सेबीने नोंदणी नसलेल्या समाजमाध्यमी सल्लागारांवर बंधने घातली, तसेच शेअर बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांनी किमान तीन महिने जुन्याच भावांची उदाहरणे वापरावीत असे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. नियामकाने आपले काम केले आहे. पण मोबाइलवर रोज येणारे व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाला हे आकडे माहीत असायला हवेत, आणि ते सांगणे हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात या तीन-चार आकड्यांवर एक तास चर्चा घेतली, तरी किती घरांचे पैसे वाचतील!

गुंतवणुकीपासून सुरुवात करणे मुळातच चुकीचे आहे, कारण विद्यार्थ्याचा पैशाशी येणारा संबंध तसा नसतो. आर्थिक नियोजनाची बहुतेक पुस्तके आणि व्याख्याने दरमहा एक तारखेला पगार मिळणाऱ्या माणसाला समोर ठेवून तयार होतात : उत्पन्नाचा अमुक भाग गरजांना, अमुक भाग हौसेला, अमुक भाग बचतीला. माझ्या वसतिगृहातील मुलीचे उत्पन्न असे येत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी घरच्यांनी जमवून दिलेली रक्कम असते, त्यानंतरची रक्कम सोयाबीन विकल्यावर म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे येते, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येईल हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. खर्च मात्र ठरलेल्या दिवशी समोर उभा राहतो. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यावे लागतात, बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्यांना डिपॉझिट एकरकमी भरावे लागते, परीक्षा शुल्काची शेवटची तारीख टळत नाही.

समजा, एखाद्या मुलीला वर्षभरात एकूण ९६ हजार रुपये मिळणार आहेत. सरासरी काढली तर महिन्याला आठ हजार पडतात आणि कागदावर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात तिला जूनमध्ये २० हजार मिळाले, नोव्हेंबरमध्ये ५० हजार मिळणार आहेत आणि उरलेले २६ हजार शिष्यवृत्तीच्या भरवशावर आहेत. दरमहा आठ हजार खर्च धरला, तर ऑगस्टच्या मध्यावर तिचे पैसे संपतात आणि दिवाळीपर्यंतचे अडीच महिने तिच्याकडे काहीही नसते. ही मुलगी उधळी नाही. तिने एक रुपयाही वायफळ खर्च केलेला नाही. तिच्याकडे कमतरता आहे ती बारा महिन्यांच्या एका तक्त्याची, ज्यात कोणत्या महिन्यात किती येणार आणि किती जाणार हे समोरासमोर मांडलेले असेल. तो तक्ता जूनमध्येच तयार असेल तर ऑगस्टचा खड्डा जूनमध्येच दिसतो. मग मेसवाल्या काकूंशी आधी बोलून ठेवता येते, महाविद्यालयाकडे शुल्काचे हप्ते पाडून मागता येतात, शिकता शिकता काम देणाऱ्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा अर्ज वेळेत भरता येतो. ऑगस्टच्या विसाव्या दिवशी जागे झालेल्या मुलीपुढे मात्र मैत्रीण किंवा कर्ज देणारे ॲप एवढेच मार्ग राहतात.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत आणखी एक अगदी साधी गोष्ट शिकवण्याची गरज आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील अनेक योजनांची रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी संलग्न असलेल्या खात्यात थेट जमा होते. दहावी-अकरावीत गावच्या शाखेत एक खाते उघडलेले असते, शहरात आल्यावर दुसरे उघडले जाते, अर्ज करताना मनात दुसरे खाते धरलेले असते आणि पैसे पहिल्या खात्यात जातात. किंवा आधार कोणत्याच खात्याशी नीट जोडलेले नसल्याने व्यवहार परत फिरतो. आपले आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येते, हे माहीत नसल्यामुळे मुली महिनोन्‌महिने समाजकल्याण कार्यालय आणि महाविद्यालय यांच्यामध्ये फेऱ्या घालतात. मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. काहींच्या खात्याला वडिलांचा किंवा भावाचा मोबाइल क्रमांक जोडलेला असतो, त्यामुळे ओटीपी गावी जातो आणि एटीएम कार्डही घरीच असते. घरच्यांचा हेतू बहुधा काळजीचा असतो. तरीही स्वतःच्या नावावरील खात्यावर स्वतःचा ताबा असणे ही आर्थिक सवयींची पहिली पायरी आहे, आणि हे पालकांना समजावून सांगणारे कोणीतरी महाविद्यालयाने नेमले पाहिजे.

आता कर्जाविषयी. मोबाइल ॲपवरून मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या कर्जाचे गणित मी मुलींना फळ्यावर करून दाखवते, आणि दर वेळी वर्गात शांतता पसरते. पाच हजारांचे कर्ज मंजूर झाले. त्यातून प्रक्रिया शुल्क आणि कर म्हणून ७५० रुपये आधीच कापून घेतले. हातात आले ४,२५०. तीस दिवसांनी परत करायचे आहेत ५,३००. जाहिरातीत व्याज फक्त ३०० रुपये दिसते, म्हणजे महिन्याला सहा टक्के. प्रत्यक्षात ४,२५० रुपये वापरण्यासाठी १,०५० रुपये मोजावे लागतात. हा दर महिन्याला पावणेपंचवीस टक्क्यांच्या आसपास आणि वर्षाला सुमारे ३०० टक्के होतो. गावच्या ज्या सावकाराच्या गोष्टी या मुलींनी आजीकडून ऐकलेल्या असतात, त्यालाही हा दर भारी वाटला असता.

रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि २०२५ मध्ये ती एकत्रित करून अधिक कडक केली. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा झाली पाहिजे. सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर सांगणारे विवरणपत्र आधी दिले पाहिजे. ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून कर्जातून बाहेर पडण्याची मुभा असली पाहिजे. ॲपने फोनमधील संपर्क यादी, छायाचित्रे आणि कॉलची नोंद यांना हात लावता कामा नये. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. नियमन असलेल्या संस्थांच्या कर्ज देणाऱ्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. हे सर्व नियम अस्तित्वात असताना, वसुलीच्या धमक्यांनी घाबरलेली मुलगी रात्रभर जागी राहते आणि कोणालाच सांगत नाही, कारण आपल्याला काही हक्क आहेत हेच तिला माहीत नसते. नियम माहीत असण्याने कर्ज फिटत नाही हे खरे. परंतु भीती निम्म्याने कमी होते, आणि एका ॲपचे फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपकडे जाण्याची चूक टळू शकते.

या छोट्या कर्जांची सावली लांब पडते, हेही मुलांना ठाऊक नसते. पतमाहिती कंपन्यांकडे प्रत्येक कर्जाची नोंद होते आणि ३०० ते ९०० या पट्ट्यात गुणांक ठरतो. चुकवलेला दोन हजारांचा हप्तासुद्धा तिथे दिसतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या हजारो मुलामुलींच्या या शहरात एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, की बँक भरतीच्या जाहिरातींमध्ये उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास स्वच्छ असावा अशा अटी येऊ लागल्या आहेत. जी मुलगी अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसून लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण होईल, तिच्या नियुक्तीत तिसऱ्या सत्रात घेतलेल्या मोबाइलचा थकलेला हप्ता आडवा येऊ नये. वर्षातून एकदा स्वतःचा पतअहवाल विनामूल्य मागवण्याचा हक्क २०१७ पासून प्रत्येकाला आहे. तो अहवाल वर्गात उघडून वाचायला शिकवणे, हा अभ्यासक्रमातील एक प्रात्यक्षिक तास सहज होऊ शकतो.

शैक्षणिक कर्जाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे रक्कम मोठी असते आणि सही करताना विद्यार्थी बहुधा गप्प बसलेला असतो. वडील आणि शाखाधिकारी बोलतात. मूल दाखवतील तिथे सह्या करते. ‘शिक्षण संपल्यावर फेडायचे’ एवढेच त्याच्या लक्षात राहते. शिक्षणाच्या काळातही सरळ व्याज चढत असते, हे अनेकांना पहिला हप्ता येईपर्यंत कळत नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख याप्रमाणे चार लाख उचलले, दर दहा टक्के धरला आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने परतफेड सुरू झाली, तर तोपर्यंत १ लाख ४० हजार रुपये व्याज झालेले असते. म्हणजे हप्ते सुरू होतात ते ५ लाख ४० हजारांवर. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास अनेक बँका दरात एक टक्का सवलत देतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते आणि वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, अन्य सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत न घेणाऱ्या कुटुंबांतील मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या सवलतीच्या काळात, तीन टक्के व्याजसाहाय्य मिळते. ही माहिती प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला मिळायला हवी. पदवीदान समारंभानंतर तिचा उपयोग नाही.

सध्या सर्वांत तातडीचा विषय मात्र मला वेगळाच वाटतो. तो म्हणजे बँक खाते भाड्याने देणे. सायबर फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना लुबाडलेले पैसे फिरवण्यासाठी दुसऱ्यांची खाती लागतात, आणि महाविद्यालयीन मुले त्यांना सोपी सापडतात. ओळखीतलाच कोणी ‘तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, काढून दे, पाच हजार तुझे’ असे सांगतो. काही वेळा पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्डच मागून घेतो. काम अर्धवेळ नोकरीसारखे भासवले जाते. ज्याचे पैसे गेले त्याने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, की पोलीस पैशाच्या मागावर खात्यामागून खाते तपासत येतात आणि पहिले नाव सापडते ते विद्यार्थ्याचे. खाते गोठवले जाते, शिष्यवृत्तीही त्यातच अडकते, दुसऱ्या राज्यातील पोलीस ठाण्याची नोटीस घरी येते. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर त्या वेळी फारसे कामी येत नाही. आपल्या नावावरचे खाते ही कायद्याच्या नजरेत आपली जबाबदारी आहे, हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेशपत्रिकेसोबत छापून द्यावे इतके मला ते आवश्यक वाटते. पैसे ‘मिळण्यासाठी’ यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झाल्यास पहिल्या तासाभरातच १९३० ला कळवावे, या दोन गोष्टीही त्याच कागदावर याव्यात.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, त्याचे मी मनापासून स्वागत करते. आता लपूनछपून चालणाऱ्या, परदेशातून चालवल्या जाणाऱ्या ॲपविषयी मुलांना सावध करणे तेवढे बाकी आहे.

यावर काही प्राध्यापक मित्र असा आक्षेप घेतात, की हे संस्कार घरीच व्हायला हवेत. पूर्वीच्या घरांत ते काही प्रमाणात होतही असत. शाळेत मुलांच्या बचतीची संचयिका होती, आईची भिशी होती, पोस्टातले आवर्ती ठेवीचे पुस्तक होते. परंतु ज्या आईवडिलांनी कधी यूपीआय वापरले नाही, ज्यांनी कर्ज घेतले ते सोसायटीचे पीककर्ज, त्यांनी मुलीला ॲपच्या कर्जाविषयी काय सांगावे? उलट घरात हे ज्ञान आता मुलांकडून पालकांकडे जाण्याची वेळ आली आहे. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे, पण पतसंस्थेतील ठेवींना ते संरक्षण नाही, हा फरक आपल्या राज्यातील किती कुटुंबांना ठाऊक आहे? महाराष्ट्रात गावोगावी पतसंस्था आहेत आणि त्यांतील अनेक उत्तम चालतात. तरीही आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या वडिलांना हा प्रश्न घरातल्या शिकलेल्या मुलीने विचारलेला बरा. वर्षाला केवळ २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँक खाते असलेल्या अठरा ते सत्तर वयाच्या प्रत्येकासाठी खुली आहे. बांधकामावर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तो अर्ज भरून देणे, हे अशा मुलीच्या पहिल्या गृहपाठाला शोभेल असे काम आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो : ज्यांच्याकडे पैसाच नाही त्यांना पैशाचे व्यवस्थापन काय शिकवायचे? गरिबी ही बेहिशेबी वागण्यातून येते असा ग्रह करून घेणारा अभ्यासक्रम मलाही नको आहे. शुल्क परवडत नसेल, वसतिगृहात जागा नसेल, शिष्यवृत्ती आठ महिने रखडली असेल, तर त्याचे उत्तर शासनाने आणि विद्यापीठाने द्यायचे आहे; त्या जागी काटकसरीचे व्याख्यान देणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्याकडे कमी आहे त्याला एक चूक अधिक महाग पडते. सुखवस्तू घरातील मुलाचा बुडालेला दहा हजारांचा आकडा वडील भरून देतात. शेतमजुराच्या मुलीचे तेच दहा हजार गेले तर तिचे सत्र बुडते. म्हणून हे शिक्षण तिच्यापर्यंत आधी पोहोचायला हवे, आणि तिच्या भाषेत पोहोचायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखवला. श्रमाने मिळवलेला पैसा आणि शिक्षण यांचे नाते ज्या राज्यात इतके जुने आहे, तिथे कमावलेल्या पैशाचा हिशेब शिकवण्याला जागा नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. विद्यार्थी विकास मंडळांमार्फत आजही ही योजना चालते. तिच्यातील मुलांच्या हाती स्वतःची पहिली कमाई येते. या अभ्यासक्रमाची सुरुवात प्रायोगिक पातळीवर त्यांच्यापासूनही करता येईल.

जागा कुठे आहे, हा प्रश्न आता उरलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात मुख्य विषयाबरोबर खुले वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम आणि मूल्यशिक्षण यांसाठी श्रेयांक राखून ठेवलेले आहेत. दिल्ली विद्यापीठाने मूल्यवर्धित अभ्यासक्रमांत वित्तीय साक्षरतेचा समावेश केलेला आहे. परंतु वैकल्पिक ठेवल्यास हा विषय बहुधा ज्यांना आधीच गोडी आहे तीच मुले निवडतात. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. त्यातील निम्मे तास प्रात्यक्षिकाला द्यावेत : स्वतःचा बारा महिन्यांचा तक्ता, स्वतःचे बँक विवरणपत्र वाचणे, एका कर्जाचा खरा दर काढणे, पतअहवाल मागवणे, एखाद्या चुकीच्या व्यवहाराची तक्रार आधी बँकेकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कशी करायची याचा मसुदा लिहिणे. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची नसावी. या कामांची वहीच तपासावी. मात्र मुलांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून आकडे बदलून लिहिण्याची मुभा असावी. गरीब घरच्या मुलीला वर्गात आपले उत्पन्न वाचून दाखवावे लागले, तर या अभ्यासक्रमाचा हेतूच हरवेल.

शिक्षक बाहेरून आणण्याची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयात अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा गणिताचे शिक्षक आहेत. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि निवृत्तिवेतन नियामक यांनी मिळून उभारलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘फॅक्ट’ हा कार्यक्रम चालवते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्याची मदत घेता येईल. याच केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील केवळ २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले होते, म्हणून शिक्षकांनाही या प्रशिक्षणाची गरज आहे असे म्हणण्यात कोणाचा अवमान नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या वित्तीय साक्षरता केंद्रातील अधिकाऱ्यांना वर्गात जरूर बोलवावे. मात्र त्या आवारात खाते उघडणे, विमा विकणे, विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक गोळा करणे या सर्वांवर विद्यापीठाने लेखी बंदी घालावी.

अभ्यासक्रमाच्या जोडीला आणखी एका व्यवस्थेची मी आग्रहाने मागणी करते. प्रत्येक महाविद्यालयात अशी एक व्यक्ती असावी, जिच्याकडे कर्जात सापडलेला विद्यार्थी निर्भयपणे जाऊ शकेल, आणि जी ताबडतोब घरी फोन करणार नाही. पैशाच्या अडचणीत मुले खोटे बोलतात ती लाजेपोटी. ‘बाबांना कळले तर शिक्षण बंद करतील’ ही भीती मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा खरी असते. अशा वेळी कोणत्या कर्जाचा दर सर्वांत जास्त आहे ते आधी फेडणे, बाकीच्यांशी मुदतीविषयी बोलणे, धमक्या येत असतील तर तक्रार करणे, एवढे शांतपणे करवून घेणारे माणूस मिळाले, तरी परिस्थिती बहुधा आवाक्यात येते. समुपदेशक नेमताना मानसिक आरोग्याचा विचार आपण आता करू लागलो आहोत; कर्जाच्या ताणाचा प्रश्नही त्याच खोलीत यायला हवा.

पुढील जूनमध्ये नवी तुकडी येईल. अभ्यासक्रमातील बदलांचे प्रस्ताव अभ्यास मंडळांकडून विद्या परिषदेकडे त्याआधी काही महिने जावे लागतात, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे. राज्यातील कुलगुरूंनी आणि उच्च शिक्षण विभागाने हा विषय येत्या विद्या परिषदांच्या बैठकांपुढे ठेवावा. तोपर्यंत किमान पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर या शहरांतील वसतिगृहांनी प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात बारा महिन्यांचा तक्ता आणि खाते भाड्याने न देण्याविषयीची सूचना प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या वसतिगृहात वापरला जाणारा मराठी तक्ता ज्या अधीक्षकांना हवा असेल, त्यांना तो आपल्या दैनिकामार्फत पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,

अधीक्षक, महाविद्यालयीन मुलींचे वसतिगृह, पुणे